युद्धवार्ता आणि सत्य : एक हिशेबतपासणी

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

‘युद्धस्य कथा रम्या’ हे वचन आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कथा रम्य वाटतात त्या दूर बसून ऐकणाऱ्याला. ज्याच्या घरचा माणूस सीमेवर उभा आहे त्याला त्या रम्य नको असतात, त्याला त्या फक्त खऱ्या हव्या असतात.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. माझा चुलतभाऊ सैन्यात आहे. ७ मे २०२५ च्या पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले आणि १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. त्या चार दिवसांत त्याचा फोन लागला नाही. आमच्या जोयडा तालुक्यात एरवीही रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे दोष आमच्या डोंगराचा की त्याच्या छावणीचा, तेही समजेना. घरात टीव्ही मात्र अखंड चालू होता. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे जाहीर करून टाकले. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मला म्हणाली, “तू मराठी वाचतोस, कानडी वाचतोस. दोन्ही पेपर बघ आणि खरं काय ते सांग.”

दुपारच्या बसने आलेले दोन्ही पेपर मी वाचले आणि काकीला काहीच सांगू शकलो नाही. कराची बंदराची बातमी निखालस खोटी होती, हे पुढे सर्वांनाच कळले. सरकारने किंवा सैन्याने तसे कधी म्हटलेही नव्हते. परंतु काकीचा प्रश्न माझ्या मनात राहून गेला. युद्धाच्या काळात सरकार आणि सैन्य अधिकृतपणे जे सांगते, ते कितपत खरे धरावे? आणि ते तपासण्याची काही रीत आहे काय? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने त्या प्रश्नाचा विचार मी माझ्या पद्धतीने, म्हणजे हिशेबतपासनिसाच्या पद्धतीने, येथे करणार आहे.

कॅसलरॉकचा आवाज

या विषयासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्याच्या पश्चिम कडेला कॅसलरॉक आहे. १९६१ पर्यंत हे स्टेशन दोन देशांच्या सीमेवर होते. या बाजूला भारत, घाट उतरला की पोर्तुगीज गोवा. पोर्तुगालमध्ये तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता आणि गोव्यातील माणसाला सरकारी बातमीखेरीज दुसरी बातमी उघडपणे मिळत नसे.

अशा वेळी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याचे कोंकणी नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ते चालवीत. सुरुवात आंबोलीच्या जंगलात झाली आणि पुढे हे केंद्र आपल्या कॅसलरॉकच्या रानात आले. पावसात, जळवांत, वस्तीपासून दूर राहून या दोघांनी कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून गोव्यातील लोकांना सरकार लपवीत असलेल्या बातम्या सांगितल्या आणि सरकारी विधानांचे खंडन केले. हे काम त्यांनी थोडीथोडकी नव्हे तर सहा वर्षे केले. श्रीमती लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री जाहीर झाली.

मला येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आपण ज्यांचा आज गौरव करतो, त्यांचे काम नेमके काय होते? अधिकृत निवेदनावर प्रश्नचिन्ह उभे करणे, हेच! पोर्तुगीज सरकारच्या दृष्टीने तो देशद्रोह होता. आपल्या दृष्टीने ती सत्याची सेवा होती. मग प्रश्न विचारणे ही गोष्ट परक्या सरकारच्या बाबतीत पुण्य आणि आपल्या सरकारच्या बाबतीत पाप, असे ठरवता येईल का? या प्रश्नाकडे मी शेवटी पुन्हा येईन.

लिस्बनचा ताळेबंद

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्याच्या सीमेवर जमली. माझे आजोबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते. आपला जोयडा तालुका त्या वेळी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. अनमोडच्या रस्त्याने लष्करी गाड्यांची रांग जाताना त्यांनी पाहिली होती. ते सांगतात, “गाड्यांची भीती नव्हती, विमानांची होती. फिरंग्यांची विमाने येऊन आपल्या गावांवर बॉम्ब टाकणार, अशी आवई होती.” ही आवई केवळ खेडवळांची नव्हती. दाबोळीला पोर्तुगीजांची सेबर जातीची लढाऊ विमाने असावीत, असा संशय भारतीय बाजूलाही होता. प्रत्यक्षात गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हते. दाबोळीवर होती ती दोन प्रवासी विमाने, आणि तीही १८ डिसेंबरच्या रात्री निसटून कराचीला गेली.

तिकडे लिस्बनमध्ये काय चालले होते? १४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना संदेश पाठविला. त्याचा आशय असा की, तह नाही, शरणागती नाही, आमचे सैनिक एक तर विजयी होतील नाही तर मरतील. निदान आठ दिवस तग धरावा, अशीही अपेक्षा होती. १८ तारखेला भारतीय सैन्य तिन्ही बाजूंनी आत शिरले. आपल्या अनमोडकडून उतरलेली ६३ वी ब्रिगेड मोलेमार्गे फोंड्याकडे गेली. त्याच सकाळी बांबोळीचे नभोवाणी केंद्र विमानहल्ल्यात बंद पडले. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरलनी शरणागतीवर सही केली. सारे प्रकरण सुमारे छत्तीस तासांत आटोपले. भारताचे २२ जण आणि पोर्तुगालचे सुमारे ३० जण मृत्युमुखी पडले, आणि साडेचार हजारांहून अधिक लोक बंदी झाले.

‘शेवटच्या माणसापर्यंत’ हे निवेदन आणि हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. गव्हर्नर जनरलना प्रत्यक्ष स्थिती ठाऊक होती. रणगाडे नाहीत, विमाने नाहीत, दारूगोळा अपुरा, अशा स्थितीत हजारो माणसे मारून घेण्यापेक्षा त्यांनी शरण जाणे पत्करले. परंतु लिस्बनच्या वहीत ही नोंद बसत नव्हती. तेव्हा काय केले गेले? नोंद दुरुस्त करण्याऐवजी नोंद करणाऱ्यालाच शिक्षा झाली. १९६२ साली परतलेल्या युद्धकैद्यांना लिस्बनमध्ये लष्करी पोलिसांच्या पहाऱ्यात घेतले गेले, आणि १९६३ साली व्हासालो इ सिल्व्हा व इतर काही अधिकाऱ्यांना भ्याडपणाचा ठपका ठेवून सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांची प्रतिष्ठा त्यांना परत मिळाली. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले तेही १९७४ च्या डिसेंबरात.

आमच्या वर्गात शिकवतात की, बुडीत येणे वेळीच निर्लेखित केले नाही तर ताळेबंद खोटा होतो. पोर्तुगालने गोवा हे बुडीत येणे तेरा वर्षे मालमत्तेच्या बाजूला दाखवून ठेवले! त्याचा भुर्दंड भरला तो सालाझारने नव्हे, पहाऱ्यात उतरविलेल्या सैनिकांनी.

आता त्याच युद्धातील आपली एक नोंद पाहू. कारवारच्या समुद्रात अंजदीव बेट आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये तेथील पोर्तुगीज सैनिकांनी ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार केला होता. १८ डिसेंबरला आपल्या नौदलाने त्या बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला तेव्हा आपले सात नौसैनिक मारले गेले. पांढरे निशाण दाखवून मग गोळीबार झाला, असे भारतीय बाजूचे कथन आहे. ते ऐकून आपले रक्त सळसळते. तरीसुद्धा तपासनिसाला येथे थांबून विचारावे लागते की, हे निशाण कोणी पाहिले, किती अंतरावरून पाहिले, आणि दुसऱ्या बाजूचा साक्षीदार काय म्हणतो? सात जवान मेले, हे निर्विवाद सत्य आहे. ते का मेले, याचे उत्तर मात्र एकाच बाजूच्या वहीतून पूर्ण मिळणार नाही.

खोट्याचे प्रकार

अधिकृत निवेदन चुकीचे निघाले म्हणजे ते मुद्दाम खोटे होते, असे मात्र समजू नये. हिशेबात जशी ‘चूक’ वेगळी आणि ‘अफरातफर’ वेगळी, तसेच येथेही आहे. माझ्या मते याचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार प्रामाणिक चुकीचा. १५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडवर मोठी हवाई लढाई झाली. शत्रूची १८५ विमाने पाडली, असे ब्रिटिशांनी जाहीर केले. युद्धानंतर जर्मन कागदपत्रे पाहता खरा आकडा साठाच्या आसपास निघाला. वैमानिक खोटे बोलत होते काय? नाही. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, ते धूर सोडत खाली गेले आणि तिघांनीही परत येऊन ‘मी पाडले’ असे सांगितले. एकाच मालाची तीन बिले फाडली गेली, इतकेच.

दुसरा प्रकार मौनाचा. सैन्य कोठे आहे, जहाज कोणत्या दिशेने निघाले, हे सांगायचे नसते आणि ते कोणी विचारूही नये. या मौनाला खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. व्यापारीसुद्धा उद्याचा खरेदीचा भाव आज सांगत नाही.

तिसरा प्रकार अर्धसत्याचा, आणि मला वाटते तोच सर्वांत अवघड. याचा दाखला आपल्याकडे महाभारतापासून आहे. अश्वत्थामा मेला, हे धर्मराजाचे शब्द खोटे नव्हते, मेलेल्या हत्तीचे नाव तेच होते. ‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द मात्र द्रोणाचार्यांच्या कानापर्यंत पोहोचले नाहीत. प्रत्येक शब्द खरा आणि एकंदर समज खोटा, अशी निवेदने आजही निघतात.

चौथा प्रकार उघड असत्याचा. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली. मुख्यालयाने जाहीर केले ते एकच बुडाल्याचे आणि एकाचे मोठे नुकसान झाल्याचे. जखमी खलाशांना वेगळे कोंडून ठेवण्यात आले, कारण ते बोलले असते! जपानी भाषेत ‘मुख्यालयाची घोषणा’ हा शब्दप्रयोग आजही अविश्वसनीय सरकारी विधानासाठी वापरतात. लोकशाही देशही याला अपवाद नाहीत. ४ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दुसरा हल्ला झाला, असे अमेरिकेने सांगितले आणि व्हिएतनाममधील युद्ध वाढविले. तो हल्ला झालाच नव्हता, हे पुढे त्यांच्याच कागदपत्रांवरून सिद्ध झाले.

व्हाउचर कोठे शोधावे?

ऑडिटिंगच्या तासाला आम्हाला १८९६ सालचा किंग्स्टन कॉटन मिलचा खटला शिकवतात. त्यात न्यायाधीशांनी सांगितले की, ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, शिकारी कुत्रा नव्हे. म्हणजे सर्वांना चोर समजून त्याने सुरुवात करू नये, पण संशयाचे कारण दिसले तर झोपूही नये. युद्धवार्ता वाचणाऱ्या नागरिकाचे धोरण याहून वेगळे असू नये, असे मला वाटते. त्यासाठी काही साधे नियम उपयोगी पडतील.

पहिला नियम असा की, स्वतःच्या विरुद्ध जाणारे विधान अधिक विश्वसनीय धरावे. आमचे इतके विमान पडले, असे जो स्वतः सांगतो त्याला ते सांगण्यात लाभ नसतो. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे आपल्या हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. दलाचे सहा जण आणि एक नागरिक मृत्यू पावले. प्रथम बातमी आली ती ‘कोसळले’ एवढीच. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी स्पष्टपणे कबूल केले की, ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले आणि ती मोठी चूक होती. ही कबुली मला कोणत्याही विजयवार्तेपेक्षा मोलाची वाटते. परंतु त्याबरोबर हेही खरे की, मधले सात महिने त्या सात घरांनी कसे काढले असतील, याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही.

दुसरा नियम असा की, एका वहीतील नोंद दुसऱ्या वहीशी ताडून पाहावी. १९९९ च्या कारगिल युद्धात पाकिस्तानचे म्हणणे होते की, शिखरांवर आमचे सैनिक नाहीत, मुजाहिदीन आहेत. मग त्याच युद्धासाठी कॅप्टन कर्नल शेर खान आणि हवालदार लालक जान यांना पाकिस्तानचे सर्वोच्च शौर्यपदक कसे मिळाले? पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये पाकिस्तानी लष्कराच्या संकेतस्थळावर ४५३ मृत सैनिकांची यादीच दिसली. निवेदनाच्या वहीत लपविलेली रक्कम पदकांच्या वहीत सापडली!

तिसरा नियम, आकडा मोजलेला की अंदाजाचा हे पाहावे. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट हल्ल्यानंतर आपल्या परराष्ट्र सचिवांनी ‘फार मोठ्या संख्येने’ अतिरेकी मारले गेल्याचे सांगितले, आकडा दिला नाही. आकडे आले ते नंतर, वृत्तपत्रांतून आणि सभांतून, आणि ते प्रत्येक ठिकाणी निराळे होते. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या लष्करी प्रवक्त्याने दोन भारतीय वैमानिक पकडल्याचे सांगितले आणि संध्याकाळपर्यंत ते एकावर आले. जो आकडा दिवसात बदलतो तो मोजलेला नसतो.

चौथा नियम, थांबावे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानने प्रथम पाच आणि मग सहा भारतीय विमाने पाडल्याचा दावा केला. ११ मे रोजी आपल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी, हानी हा लढाईचा भाग असतो आणि आमचे सर्व वैमानिक परत आले आहेत, इतकेच सांगितले. ३१ मे रोजी सिंगापूर येथे संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी आपली विमाने पडल्याचे मान्य केले, सहा हा आकडा नाकारला, पण खरा आकडा दिला नाही. ऑगस्टमध्ये आपल्या हवाई दल प्रमुखांनी पाकिस्तानची पाच लढाऊ आणि एक मोठे विमान पाडल्याचे सांगितले, आणि पाकिस्तानने ते नाकारले. दोन्ही पासबुके जुळलेली नाहीत. अशा वेळी एक पासबुक डोळे मिटून खरे मानणे किंवा दोन्ही फाडून टाकणे, ही दोन्ही कामे तपासनिसाची नव्हेत. त्याने शिल्लक नोंद तशीच ठेवून पुढच्या कागदाची वाट पाहावी.

तो पुढचा कागद मिळणे हाच आपला खरा हक्क आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल काही भाग वगळून २००० साली संसदेपुढे आला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु १९६२ च्या पराभवाची कारणे शोधणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ पासून सरकारी कपाटात आहे. २०१४ साली त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने प्रसिद्ध केला. आपल्या सरकारने तो अद्याप प्रसिद्ध केलेला नाही. साठ वर्षे उलटून गेल्यावर त्यात शत्रूच्या उपयोगाचे काय उरले असेल?

शेवटचा प्रश्न

माझा एक मित्र म्हणतो, “जवान तिकडे लढताहेत आणि तू इकडे हिशेब मागतोस?” त्याच्या भावनेचा मी आदर करतो. लढाई चालू असताना तोफा कोठे आहेत हे विचारू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु हिशेब मागणे म्हणजे जवानावर अविश्वास दाखविणे नव्हे. जवान निवेदन लिहीत नाही. निवेदन लिहिले जाते त्याच्यापासून फार दूर. उलट ते खोटे निघाले तर पहिला बळी त्याचाच जातो, हे लिस्बनच्या बंदरावर उतरलेल्या कैद्यांवरून दिसले.

पानिपतची वार्ता पेशव्यांना प्रथम कळली ती एका सावकारी पत्रातून, असे सांगतात. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत त्यात हानी लिहिली होती. व्यापाऱ्याला नुकसानीचा आकडा लपवून चालत नाही, कारण उद्याचा व्यवहार त्यावरच उभा असतो. राष्ट्राचेही तसेच असावे.

कॅसलरॉकच्या रानात बसून परक्या सरकारला प्रश्न विचारणाऱ्यांना पद्मश्री मिळते, तर आपल्या सरकारला सभ्यपणे प्रश्न विचारणाऱ्याला निदान ऐकून घेतले जावे. अर्थात तो आवाजही एका बाजूचाच होता, हे विसरता कामा नये. न्याय्य बाजूचा असला म्हणून त्याची प्रत्येक बातमी तपासण्यातून सुटत नाही. कानडीत निवेदनाला ‘हेळिके’ म्हणतात. हेळिके म्हणजे सांगितलेले. मला तो शब्द आवडतो, कारण तो फक्त सांगितले म्हणतो, सिद्ध झाले असे म्हणत नाही.

११ मेच्या सकाळी काकीचा फोन वाजला. भाऊ म्हणाला, “मी बरा आहे.” तीन शब्दांचे ते निवेदन होते. काकीने मात्र तेही तसेच मान्य केले नाही. तिने विचारले, “जेवलास का? आवाज असा का येतोय? हात-पाय बरे आहेत ना?” तो हसला, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. तिचे मुलावर प्रेम नव्हते म्हणून तिने विचारले, असे कोणी म्हणेल का?

देशावर प्रेम करणाऱ्यानेही असेच विचारावे, एवढेच मला सांगायचे आहे.